एक पब्लिक आयपी, सहा व्हर्च्युअल मशीन: सर्व्हरवरचं नॅट नीट समजून बसवू

नागपुरातल्या लहान ऑफिसांत एक मांडणी आता सर्रास दिसते. गायत्रीनगरच्या आयटी पार्कातली दहा-पंधरा जणांची कंपनी असो, धरमपेठेतले क्लासेस असोत की कळमना मार्केटातली अडत, कोपऱ्यात एकच दणकट सर्व्हर असतो. त्यावर उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्स, आणि केव्हीएम या लिनक्समधल्या सोयीवर चालणारी पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्राच्या आत चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर. एकावर हिशेबाचं सॉफ्टवेअर, एकावर वेबसाइट, एकाला बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र जोडलेलं, एक नुसतं प्रयोगांसाठी. इंटरनेटची लाइन मात्र एक आणि बाहेरचा आयपी पत्ताही एकच. सगळ्या मशीनना इंटरनेट हवं असतं, आणि एक-दोघांपर्यंत बाहेरूनही पोचता आलं पाहिजे. नॅट लागतं ते इथे. नॅट म्हणजे पॅकेटवरचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावरचा, पत्ता वाटेत बदलून देणं.

नॅटचा नियम लिहायला दोन मिनिटं लागतात. गाडी अडते ती दुसऱ्या कारणानं: पॅकेटचा पत्ता बदलणं हे एक काम आणि त्याला पुढे जाऊ देणं हे दुसरं. लिनक्समध्ये ही दोन कामं वेगवेगळ्या टेबलांत होतात. "नियम तर बरोबर आहे, तरी चालत नाही" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा पहिलं काम झालेलं आणि दुसरं राहिलेलं असतं.

रजिस्टर: सगळा खेळ याच्यावर

खासगी पत्त्यांचे तीन पट्टे १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजानं ठरवून दिले: १०नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८नं सुरू होणारे. हे पत्ते जगभरातल्या असंख्य ऑफिसांत एकाच वेळी वापरात असतात, म्हणून इंटरनेटवर त्यांना किंमत नाही. १९२.१६८.१२२.२० या मशीनचं पॅकेट तसंच बाहेर सोडलं तर उत्तर परत यायला वाटच नाही.

त्यामुळे सर्व्हर, म्हणजे होस्ट, मोठ्या कचेरीतल्या आवक-जावक विभागाचं काम करतो. पत्र कुठल्याही टेबलावरून निघो, बाहेर जाताना त्यावर कचेरीचा पत्ता आणि जावक क्रमांक पडतो, रजिस्टरमध्ये नोंद होते. त्या क्रमांकाचा हवाला देऊन उत्तर आलं की रजिस्टर बघून ते मूळ टेबलावर पोचतं. इथे जावक क्रमांकाचं काम पोर्ट नंबर करतो, आणि लिनक्समधल्या रजिस्टरचं नाव कॉनट्रॅक.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवले की पुढचा बराच त्रास वाचतो. पहिला: नॅट टेबलमधला नियम प्रत्येक कनेक्शनच्या फक्त पहिल्या पॅकेटला विचारला जातो. पुढची सगळी पॅकेट रजिस्टरमधली नोंद पाहून आपोआप बदलली जातात. म्हणून नियमासमोरचा काउंटर १२ दाखवत असेल तर १२ कनेक्शन सुरू झाली असा अर्थ आहे, पॅकेट कदाचित लाखभर गेली असतील. दुसरा: नियम बदलला तरी आधीपासून चालू असलेली कनेक्शन जुन्या नोंदीनंच चालत राहतात. एका खिडकीत सतत पिंग चालू ठेवून दुसरीकडे नियम बदलणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही तो यामुळे. पिंग थांबवून पुन्हा सुरू करा, किंवा कॉनट्रॅक या कमांडनं ती नोंद पुसा, मगच निष्कर्ष काढा.

नॅट कधी आणि ब्रिज कधी

ब्रिज म्हणजे व्हर्च्युअल मशीनला थेट ऑफिसच्या लॅनमध्ये बसवणं. राउटर तिला इतर कॉम्प्युटरसारखाच पत्ता देतो. ऑफिसातल्या सगळ्यांना ती मशीन वापरायची असेल आणि होस्टला केबलनं नेटवर्क मिळत असेल, तर ब्रिजच बरा. उगाच नॅट घालू नये. पण होस्ट वाय-फायवर असेल तर ब्रिज सहसा चालत नाही, कारण अॅक्सेस पॉइंट फक्त जोडणी केलेल्या मॅक पत्त्याचीच (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचीच) फ्रेम स्वीकारतो. डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरही अनेकदा एकाच मॅक पत्त्याला परवानगी असते. दुसरा दिसला तर पोर्ट बंद होऊ शकतो. तिथे नॅटला पर्याय नसतो. प्रयोगाची मशीन लॅनमध्ये नको असतील तेव्हाही नॅट सोयीचं.

बाहेर जाण्याची बाजू

लिबव्हर्ट, म्हणजे केव्हीएमची मशीन आणि त्यांची नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवलं की 'डिफॉल्ट' नावाचं नॅट नेटवर्क तयारच मिळतं. व्हीआयआरबीआर० नावाचा ब्रिज, त्याचा पत्ता १९२.१६८.१२२.१, आणि मशीनना .२ ते .२५४ मधले पत्ते वाटणारा डीएनएसमास्क. लिबव्हर्टची कमांड व्हर्श वापरून 'व्हर्श नेट-लिस्ट --ऑल' दिल्यावर नेटवर्क 'इनअॅक्टिव्ह' दिसलं तर 'नेट-स्टार्ट' करा, आणि 'नेट-ऑटोस्टार्ट' विसरू नका.

आमचा आग्रह असा, की १९२.१६८.१२२ हा पट्टा पहिल्याच दिवशी बदलावा. प्रत्येक लिबव्हर्ट सर्व्हरवर तोच असतो. उद्या नागपूर आणि अमरावतीची ऑफिसं व्हीपीएननं जोडायची म्हटलं, आणि दोन्हीकडे हाच पट्टा निघाला, तर पॅकेट कुठल्या बाजूला पाठवायचं हे राउटिंगला ठरवता येत नाही. १०.४७.१२.०/२४ असं काहीतरी सहसा कुणी न वापरणारं घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. हे काम मशीन कमी असतानाच करायचं, कारण 'नेट-एडिट'मधला बदल लागू व्हायला नेटवर्क 'नेट-डिस्ट्रॉय' करून पुन्हा सुरू करावं लागतं. नाव भीतीदायक असलं तरी त्यानं नेटवर्कची व्याख्या पुसली जात नाही, ते फक्त थांबतं. मात्र त्या क्षणी चालू असलेल्या मशीनची जोडणी ब्रिजवरून सुटते, आणि नेटवर्क पुन्हा सुरू केलं तरी ती आपोआप परत लागेल असं धरून चालू नका. मशीन बंद करून चालू करणं सर्वात खात्रीचं. पुढच्या उदाहरणांत ओळखीचा म्हणून १९२.१६८.१२२च ठेवला आहे.

ज्या मशीनपर्यंत बाहेरून यायचं आहे, तिचा पत्ता रोज बदलून चालणार नाही. तिच्या मॅक पत्त्याला आयपी बांधून द्या. 'नेट-अपडेट' कमांडला '--लाइव्ह --कॉन्फिग' दोन्ही जोडले की हे चालू नेटवर्कवरही होतं. मशीनच्या आतमध्ये जुनी लीज (पत्ता वापरायची मुदत) संपेपर्यंत जुनाच पत्ता राहतो, तेव्हा आत जाऊन ती नव्यानं घ्यावी.

लिबव्हर्ट वापरत नसाल, प्रॉक्समॉक्ससारख्या दुसऱ्या व्हर्च्युअल मशीन प्रणालीवर हातानं करत असाल, तर तीन गोष्टी लागतात. कर्नलला आयपी फॉरवर्डिंगची परवानगी, म्हणजे आयपीव्ही४च्या आयपी-फॉरवर्ड सेटिंगची किंमत १. ती सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये लिहा, नाहीतर रीबूटनंतर जाईल. मग नॅट टेबलच्या पोस्टराउटिंग चेनमध्ये, म्हणजे पॅकेट बाहेर पडताना लागणाऱ्या नियमांच्या क्रमवार यादीत, एक नियम: स्रोत १९२.१६८.१२२.०/२४, जाणार बाहेरच्या कार्डावरून, कृती मास्करेड. आणि फिल्टर टेबलच्या फॉरवर्ड चेनमध्ये परवानगी, जाण्याची आणि परत येणाऱ्या उत्तरांची.

मास्करेड बाहेरच्या कार्डावर त्या वेळी जो पत्ता असेल तो वापरतो, त्यामुळे पत्ता बदलणाऱ्या लाइनवर तोच घ्यावा. स्टॅटिक आयपी असेल तर एसनॅट लिहून पत्ता ठोकून द्यावा. कार्ड बंद-चालू झालं की मास्करेडच्या नोंदी पुसल्या जातात, एसनॅटच्या राहतात. लाइन दोन सेकंद गेली म्हणून सगळी कनेक्शन तुटू नयेत यासाठी हा फरक कामाचा आहे.

बाहेरून आत: इथेच घोळ होतो

समजा वेबसाइटची मशीन १९२.१६८.१२२.२० आहे आणि ती ४४३ पोर्टवर ऐकते. बाहेरून मात्र होस्टच्या ८४४३ पोर्टवर यायचं आहे. नॅट टेबलच्या प्रीराउटिंग चेनमध्ये (पॅकेट आत येताच लागणाऱ्या यादीत) डीनॅटचा, म्हणजे पोचायचा पत्ता बदलण्याचा, नियम लिहायचा: टीसीपी, पोर्ट ८४४३, नवीन पत्ता १९२.१६८.१२२.२०, पोर्ट ४४३. झालं पत्ता बदलण्याचं काम. आता ब्राउझर उघडला तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. लगेच, क्षणभरही न थांबता.

हे 'रिफ्यूज्ड' फसवं आहे. ते पाहून माणूस मशीनच्या आत शिरतो, वेबसर्व्हर चालू आहे का बघतो, तो चालूच असतो. खरं घडतं ते असं: लिबव्हर्टनं आयपीटेबल्सच्या, म्हणजे लिनक्समध्ये हे नियम लिहिण्याच्या व्यवस्थेच्या, फॉरवर्ड मार्गावर आपले नियम आधीच बसवलेले असतात. मशीनकडे जाणाऱ्या पॅकेटपैकी ज्यांची रजिस्टरमध्ये आधीची नोंद आहे तीच आत सोडायची, बाकीच्यांना 'पोर्ट अनरीचेबल' सांगून परत पाठवायचं. बाहेरून आलेलं पहिलंच पॅकेट नवं असतं, म्हणून त्याला नकार मिळतो, आणि लिनक्सचा क्लायंट त्या नकाराचं भाषांतर 'रिफ्यूज्ड' असं करतो. पॅकेट गुपचूप टाकून दिलं असतं तर कनेक्शन बराच वेळ लटकून टाइमआउट झालं असतं. म्हणून लगेच नकार आला तर आधी होस्टची फॉरवर्ड चेन बघा, मशीन नंतर.

उपाय म्हणजे परवानगीचा नियम लिबव्हर्टच्या नियमांच्या वर घालणं. चेनच्या शेवटी जोडला तर नकार आधी लागतो, तुमच्या नियमापर्यंत पॅकेट येतच नाही. आणि त्या नियमात पोर्ट ४४३ लिहायचा, ८४४३ नाही. फॉरवर्ड चेनमध्ये पोचेपर्यंत पत्ता आणि पोर्ट दोन्ही बदललेले असतात. पोर्टची यादी सांभाळायचा कंटाळा असेल, तर 'ज्याचं डीनॅट झालं आहे ते जाऊ द्या' असा कॉनट्रॅकच्या स्थितीवर आधारलेला एकच नियम पुरतो.

नव्या सिस्टिमवर आणखी एक गुंता आहे. लिबव्हर्टच्या २०२४मध्ये आलेल्या १०.४ आवृत्तीपासून ते आपले नियम एनएफटेबल्समध्ये, म्हणजे आयपीटेबल्सच्या नव्या पिढीत, स्वतंत्र टेबलात ठेवू शकतं. एनएफटेबल्समध्ये एका टेबलातली परवानगी दुसऱ्या टेबलातल्या मनाईला रद्द करत नाही. पॅकेट दोन्हीकडून पास व्हावं लागतं. तुम्ही कितीही वर नियम घाला, लिबव्हर्टचा नकार लागणारच. दोन वाटा आहेत. लिबव्हर्टच्या नेटवर्क सेटिंग फाइलमध्ये फायरवॉल बॅकएंड म्हणून आयपीटेबल्स निवडा, किंवा नेटवर्कचा फॉरवर्ड मोड 'ओपन' ठेवा. 'ओपन'मध्ये लिबव्हर्ट एकही नियम लिहीत नाही, सगळे तुम्ही लिहायचे. एकाहून जास्त पोर्ट उघडायचे असतील तर आम्ही दुसरी वाट घेऊ: सगळे नियम एका फाइलमध्ये, एकाच माणसाच्या ताब्यात.

डीनॅटच्या नियमात बाहेरचं कार्ड किंवा बाहेरचा पत्ता न लिहिणं ही सर्वात महागात पडणारी चूक. 'टीसीपी, पोर्ट ४४३ असेल तर .२० कडे पाठव' एवढंच लिहिलं, तर व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर जाणारं पॅकेटही प्रीराउटिंगमधूनच जातं आणि त्याचाही पोर्ट ४४३ असतो. मग बाकीच्या पाचही मशीनचं सगळं एचटीटीपीएस तुमच्याच वेबसाइटवर येऊन आदळतं. बाहेरून साइट मस्त उघडते आणि आत मात्र अपडेट बंद, सर्टिफिकेट चुकीचं अशा तक्रारी सुरू होतात. दोन्हींचा संबंध पटकन लक्षात येत नाही.

चाचणी होस्टवरूनच करू नका. होस्टनं स्वतः पाठवलेलं पॅकेट प्रीराउटिंगमधून जात नाही, आउटपुट चेनमधून जातं, त्यामुळे नियम बरोबर असूनही निकाल चूक येतो. मोबाइलचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून तपासा. एका मशीनवरून दुसरीकडे पब्लिक पत्त्यानं जातानाही असाच घोळ होतो: .३० नं विचारलं बाहेरच्या पत्त्याला, उत्तर आलं थेट .२० कडून, आणि अनोळखी उत्तर म्हणून .३० ते नाकारतो. आतल्या आत जाणाऱ्या अशा कनेक्शनलाही मास्करेड लावता येतं, पण त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे लिबव्हर्टच्या डीएनएसमध्येच त्या साइटचं नाव आणि आतला पत्ता लिहून टाकणं.

लाइन पुरवणाऱ्याच्या बाजूचं

इतकं करूनही बाहेरून काहीच येत नसेल तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यानं सुरू होत असेल, तर तुमच्या पुरवठादारानंच अनेक ग्राहकांना एका पब्लिक पत्त्यामागे ठेवलं आहे. याला सीजीनॅट म्हणतात. शहरातल्या बऱ्याच फायबर जोडण्या अशा असतात. त्यांच्या रजिस्टरमध्ये तुमच्यासाठी नोंदच नाही, म्हणून तुमच्या राउटरवर केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी. स्टॅटिक पब्लिक आयपी मागून घ्या, किंवा बाहेर एक छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढा. बोगद्याला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद द्या. लिनक्समध्ये एकतर्फी यूडीपीची नोंद ३० सेकंदांत पुसली जाते. त्याआधी काहीतरी पाठवत राहिलं की वाट उघडी राहते.

वॅन पत्ता पब्लिक असेल आणि होस्ट राउटरच्या मागे असेल, तर पोर्ट दोनदा फॉरवर्ड करावा लागतो: राउटरवर होस्टकडे, होस्टवर मशीनकडे. राउटरमध्ये स्टॅटिक रूट टाकायची सोय असेल तर होस्टवरचं नॅट काढून टाका, '१९२.१६८.१२२.०/२४ साठी होस्टकडे जा' एवढा रूट आणि लिबव्हर्टचा 'रूट' मोड पुरतो. मात्र राउटर त्या पट्ट्यालाही स्वतःचं नॅट लावतो ना, हे बघून घ्या. काही स्वस्त राउटर लावत नाहीत.

पीपीपीओईच्या (यूजरनेम-पासवर्डनं जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १४९२ असतो, व्हर्च्युअल मशीनचं कार्ड मात्र १५०० समजून चालतं. लक्षण ठरलेलं: पिंग जातो, लॉगिन होतं, पण मोठं पान किंवा फाइल मध्येच गोठते. तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचा पिंग पाठवा; तो अडला आणि १४६४चा गेला तर निदान पक्कं. मशीनच्या नेटवर्कचा एमटीयू १४९२ करा, किंवा फॉरवर्ड मार्गावर टीसीपीचा एमएसएस (एका तुकड्यातला कमाल मजकूर) मर्यादेत आणणारा नियम घाला.

रीबूटनंतर

मे महिन्यात इथे पारा ४५च्या आसपास जातो. वीज जाऊन एसी बंद पडला आणि यूपीएसवर सर्व्हर चालत राहिला, की तो तापून स्वतःच बंद होतो. नियम हातानं टाइप केलेले असतील तर पुन्हा सुरू झाल्यावर ते नसतात. तेव्हाचे सगळे नियम जसेच्या तसे सेव्ह करून ठेवण्याचा मोह होतो, पण त्यात लिबव्हर्टचे आणि असलाच तर डॉकरचेही (कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) नियम सेव्ह होतात. पुढच्या बूटला ते लोक आपापले नियम पुन्हा घालतात आणि क्रम विस्कटतो. स्वतःचेच नियम एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि ती लिबव्हर्टच्या 'नेटवर्क' हुकमधून चालवा, म्हणजे नेटवर्क सुरू झाल्यावर, लिबव्हर्टच्या नियमांनंतर तुमचे वर बसतील. नियम आधीच आहे का हे तपासून मगच घालायचा. त्या स्क्रिप्टमधून व्हर्श चालवू नका, लिबव्हर्ट स्वतःचीच वाट बघत अडकतं. हुकची फाइल पहिल्यांदा ठेवल्यावर लिबव्हर्टची सेवा एकदा रीस्टार्ट करा.

डॉकरबद्दल एवढंच: ते फॉरवर्ड चेनचं मूळ धोरण 'ड्रॉप' करू शकतं, आणि फॉरवर्डची परवानगी न लिहिता हातानं बसवलेलं नॅट त्यानं बंद पडतं. होस्टवर डॉकर टाकण्यापेक्षा एका व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका. होस्टवरच हवं असेल तर परवानगी 'डॉकर-यूजर' चेनमध्ये लिहा.

कर्नलच्या लॉगमध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' दिसलं तर रजिस्टर भरलं आहे. चालू टीसीपी कनेक्शनची नोंद मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस टिकते. अर्धवट सोडलेली हजारो कनेक्शन जागा अडवून बसतात. कॉनट्रॅकची कमाल मर्यादा वाढवा आणि ही मुदत काही तासांवर आणा. नव्या नोंदी अचानक वाढल्या असतील, तर त्या कुठल्या मशीनच्या आहेत ते आधी शोधा.

ते शोधता येणं वेगळ्या कारणानंही गरजेचं आहे. बाहेरच्या जगाला तुमची सगळी मशीन एकाच पत्त्याची दिसतात. कुणी तक्रार केली की अमुक वेळी तुमच्या आयपीवरून हल्ला झाला, तर सहापैकी कोण हे फक्त तुमच्या नोंदी सांगू शकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. होस्टचं घड्याळ एनटीपीनं जुळवलेलं ठेवा आणि नव्या कनेक्शनच्या नोंदी आतल्या पत्त्यासह लिहून घ्या. आणि नॅटला फायरवॉल समजू नका. फक्त मास्करेड आहे आणि फॉरवर्ड चेन मोकळी आहे, अशा होस्टकडे लॅनमधला कोणीही एक रूट टाकून थेट आतल्या मशीनपर्यंत जाऊ शकतो. उलट बाजूनं प्रयोगाच्या मशीनला ऑफिसचा फाइल सर्व्हर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर दोन्ही दिसतात. त्या मशीनना लॅनच्या पट्ट्याकडे जायला फॉरवर्डमध्ये मनाई करा.

अडलं तर पॅकेटच्या मागे जा

नियम वाचत बसण्यापेक्षा टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) दोन खिडक्यांत लावा, एक बाहेरच्या कार्डावर आणि एक व्हीआयआरबीआर०वर, आणि मोबाइलवरून एकदाच कनेक्शन करा. बाहेरच्या कार्डावरच काही दिसलं नाही, तर दोष राउटरचा किंवा लाइनचा. सर्व्हरला हात लावू नका. बाहेर ८४४३ दिसलं आणि ब्रिजवर काहीच नाही, तर डीनॅट लागलं नाही किंवा फॉरवर्डनं अडवलं. नॅट नियमाचा काउंटर वाढला का बघितलं की दोन्हींतलं कुठलं ते कळतं. काउंटर वाढतच नसेल, तर आयपीटेबल्सचे जुने आणि एनएफटीवरचे असे दोन प्रकार एकाच मशीनवर आहेत का तेही पाहा. डेबियन १०पासून एनएफटीचा प्रकार मुळात चालू असतो, आणि एकात लिहिलेले नियम दुसऱ्यात दिसत नाहीत.

ब्रिजवर .२०:४४३ कडे जाणारं पॅकेट दिसतं पण उत्तर निघत नाही किंवा लगेच नकार येतो, तर आता मशीनच्या आत जा. तिथे तिची स्वतःची फायरवॉल असते, किंवा सेवा फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असते. आणि मशीनला दोन नेटवर्क कार्डं असतील तर डिफॉल्ट गेटवे तपासा. तो दुसऱ्या कार्डाकडे असेल, तर उत्तर भलत्याच वाटेनं निघतं, होस्टच्या रजिस्टरपर्यंत येतच नाही. गेटवे १९२.१६८.१२२.१ केला की काम होतं.